दूध सुटलं म्हणजे आई सुटली का?

प्रश्न : डॉक्टरताई, ओळखीच्या एका घरी लॅब्रेडॉर कुत्री व्यायली आहे. सात पिल्लं आहेत, त्यातलं एक काळं पिल्लू आम्ही ठरवून ठेवलंय. आज ती पिल्लं 34 दिवसांची आहेत. त्या घरचे काका म्हणतात, "आता घेऊन जा. ती आता पाजत नाही. पिल्लं जवळ आली की गुरगुरते, उठून निघून जाते. पिल्लं वाटीतलं खातात, मग इथे ठेवून काय करायचं?" पुढच्या आठवड्यात माझ्या मुलीचा वाढदिवस आहे, ती रोज विचारते. लहान असतानाच आणलं तर लळा चांगला लागतो, असं सगळेच सांगतात. फक्त माझी आई म्हणते, थांब. कोणाचं ऐकू?

उत्तर : तुमच्या आईचं ऐका. अजून 22 दिवस थांबा. पिल्लू 56 दिवसांचं, म्हणजे पूर्ण आठ आठवड्यांचं झालं की आणा. साठ दिवस झाले तर उत्तमच.

तुमच्या पत्रातलं "पिल्लं जवळ आली की गुरगुरते" हे वाक्य मला दर महिन्याला कोणी ना कोणी ऐकवतं, आणि दर वेळी त्याचा अर्थ "आईला आता पिल्लं नकोशी झाली" असा लावला जातो. तो अर्थ चुकीचा आहे. ती गुरगुरतेय, कारण तिचं शिकवणं आत्ता कुठे सुरू झालंय.

पहिल्या दोन आठवड्यांत पिल्लाला दिसत नाही, ऐकू येत नाही. दहा ते चौदा दिवसांत डोळे उघडतात, त्यानंतर काही दिवसांनी कान. आईनं चाटल्याशिवाय त्याला शी-शूसुद्धा होत नाही. या काळात आई म्हणजे ऊब आणि दूध. तिसऱ्या आठवड्यापासून दुधाचे दात फुटायला लागतात, आणि हे दात सुईसारखे असतात. सात तोंडं एकाच वेळी आचळांना लागली, वर त्यांची नखं पोटावर ओरखडत असली की कुठलीही आई उठणारच. आधी ती आडवी पडून निवांत पाजायची, आता उभ्यानं पाजते आणि दोन-तीन मिनिटांत अंग झटकून निघते. अंगावरचं दूध असं हळूहळू, सात-आठ आठवड्यांपर्यंत तुटत जातं. काकांना ती पाजताना दिसत नसेल, पण रात्री एखाद-दोनदा पाजत असेलच. आणि अगदी नसेल पाजत, तरी तिचं काम संपलेलं नाही.

हे काम कसं चालतं ते मी एकदा जवळून पाहिलंय. माझ्याकडे तांबू नावाची एक साधी, तांबूस रंगाची कुत्री होती. गाभण असतानाच ती माझ्याकडे आली आणि सहा पिल्लं झाली. मी एका वहीत रोजच्या नोंदी ठेवत होते. अडतिसाव्या दिवसाची नोंद दोन पानांची आहे, कारण त्या दुपारी मी तासभर जमिनीवर बसून फक्त बघत होते.

तांबू पाय पसरून पडली होती, समोर खायचं हाड. त्यातलं एक पांढऱ्या पायांचं पिल्लू सगळ्यांत दांडगट. ते थेट हाडाकडे आलं. तांबूनं आधी नुसतं अंग ताठ केलं आणि चघळणं थांबवलं. पिल्लाला ते कळलं नाही. मग ओठ जरासा वर गेला. तेही कळलं नाही. मग घशातून एक खोल गुरगुर. पिल्लू क्षणभर थबकलं आणि तरीही पुढे आलं. त्याबरोबर तांबूनं विजेसारखं तोंड उघडून त्याचं सगळं थोबाडच आपल्या तोंडात धरलं आणि सोडलं. पिल्लू केकाटलं, उताणं पडलं, पोट वर. मी घाबरून त्याला उचललं आणि दिव्याखाली तपासलं. एक ओरखडा नव्हता. नाक नुसतं आईच्या लाळेनं ओलं झालेलं. खाली ठेवल्यावर दोन मिनिटांत ते परत आईजवळ गेलं, पण या वेळी वाकून, शेपूट खाली हलवत, बाजूनं. तिनं त्याचा कान चाटला. दोन दिवसांनी मी पाहिलं, तर तांबूनं चघळणं नुसतं थांबवलं तरी ते पिल्लू लांबूनच वळायला लागलं होतं.

अंग ताठ होणं म्हणजे "नको", ओठ वर जाणं म्हणजे "सांगतेय ना", गुरगुर म्हणजे "शेवटचं सांगतेय". कुत्र्यांच्या जगातली ही सगळी भाषा त्या पिल्लानं अडतीस ते चाळीस दिवसांच्या दरम्यान शिकून घेतली. हे मी त्याला शिकवू शकले असते का? तीस वर्षं कुत्र्यांवर उपचार करतेय, तरी नाही.

भावंडांचंही तसंच आहे. पाचव्या आठवड्यापासून त्यांच्या कुस्त्या सुरू होतात. एकानं दुसऱ्याचा कान जोरात धरला की दुसरं किंचाळतं आणि खेळ सोडून जातं. चावणारं तिथेच उभं राहतं, आता कोणाशी खेळायचं ते त्याला कळत नाही. दिवसातून पन्नास वेळा असं झालं की त्याला समजतं, एवढा दाब दिला तर खेळ चालतो, याहून जास्त दिला तर मोडतो. दातांवरचा हा ताबा पुढे जन्मभर पुरतो. कधी तुमच्या मुलीचा पाय चुकून त्याच्या शेपटीवर पडला, तर ते दचकून तोंड घालेल, पण दात रुतवणार नाही. चौतिसाव्या दिवशी उचललेल्या पिल्लाचे हे धडे नुकते कुठे सुरू झालेले असतात.

लळ्याबद्दल लोक जे सांगतात, त्यात थोडं खरं आहे. माणसांशी, आवाजांशी, जगाशी ओळख करून घेण्याचा पिल्लाचा सर्वांत मोलाचा काळ साधारण तीन आठवड्यांपासून बारा-चौदा आठवड्यांपर्यंत असतो. अमेरिकेतल्या जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी बार हार्बर इथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं पिल्लं पाहून हे मांडलं. त्यांचं पुस्तक 1965 मध्ये आलं. त्या काळच्या लिखाणात सहा ते आठ आठवडे हे वय सुचवलेलं आढळतं, आणि "दीड महिन्याचं पिल्लू आणावं" हे आपल्याकडे रूढ झालेलं वाक्य त्याच्याशी जुळतंही. पण त्यानंतरचं काम बघितलं की माझा कल स्पष्टपणे आठ आठवड्यांकडे जातो. दक्षिण आफ्रिकेत स्लॅबर्ट आणि रासा यांनी जर्मन शेफर्डची पिल्लं सहाव्या आणि बाराव्या आठवड्यात वेगळी करून तुलना केली. 1993 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात सहाव्या आठवड्यात तोडलेल्या पिल्लांचं वजन घटलं आणि ती जास्त आजारी पडली. 2011 मध्ये इटलीतल्या संशोधकांनी 140 पूर्ण वाढलेल्या कुत्र्यांची माहिती मालकांकडून गोळा केली. तीस ते चाळीस दिवसांत आईपासून तोडलेल्या कुत्र्यांमध्ये सतत भुंकणं, आवाजाला घाबरणं, फिरायला नेल्यावर बिचकणं, सामानाची नासधूस, खाण्यावरून आणि खेळण्यावरून गुरगुरणं हे दोन महिन्यांपर्यंत आईजवळ राहिलेल्या कुत्र्यांपेक्षा जास्त आढळलं. मालकांनी सांगितलेल्या माहितीला मर्यादा असतात, हे मी जाणते. पण माझ्या टेबलावर तीस वर्षं जे येतंय, ते याच्याशी तंतोतंत जुळतं.

म्हणजे तीन ते आठ आठवडे आई आणि भावंडांचे, आठ ते चौदा आठवडे तुमचे. साठाव्या दिवशी आणलेल्या पिल्लाला तुमचा लळा लागायला भरपूर वेळ असतो. लवकर आणलेलं पिल्लू तुमच्या मागे-मागे फिरतं, पायात घोटाळतं, क्षणभर सोडत नाही, ते बघून माणसं सुखावतात. त्यातलं बरंचसं प्रेम नसून धास्ती असते. एक आधार अचानक गेलाय, दुसरा जाऊ नये म्हणून ते चिकटून राहतं.

हे मी स्वतः तेरा वर्षं सोसलंय. शिकत असताना मी पहिलं कुत्रं आणलं, 28 दिवसांचं. ज्यानं दिलं, त्यानं "दीड महिन्याचं आहे" असं सांगितलं होतं. तेव्हा मला दात बघून वय ओळखता येत नव्हतं, नाहीतर मी तिथेच थांबले असते. बारक्या, असं त्याचं नाव. अतिशय मायाळू होता, पण एक मिनिट एकटा राहू शकायचा नाही. दार लावलं की दाराची चौकट खरवडायचा, पंजे रक्ताळायचे. खाताना त्याच्या जवळून कोणी गेलेलं चालायचं नाही. आणि दुसरं कुत्रं समोर आलं की त्याला काही कळायचंच नाही. समोरचं कुत्रं ताठ उभं राहून "जवळ येऊ नकोस" सांगायचं आणि हा सरळ अंगावर जायचा, मार खाऊन यायचा. तो कुत्र्यांची भाषा न शिकताच मोठा झाला होता. मी जमेल ते सगळं केलं, पण ते पुरं भरून निघालं नाही.

आता शरीराचं. जन्मल्यावर पहिल्या दिवसात मिळणाऱ्या चिकाच्या दुधातून पिल्लाला आईची रोगप्रतिकारशक्ती मिळते. ती साधारण सहाव्या आठवड्यापासून ओसरायला लागते, आणि पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान दिली जाते. नेमक्या त्याच वेळी घर बदललं, पाणी बदललं, खाणं बदललं, आई गेली, तर पोट बिघडायला वेळ लागत नाही. पार्व्हो या विषाणूच्या जीवघेण्या जुलाबांच्या आजारात मी अशी कितीतरी पिल्लं गमावली आहेत. ती पिल्लं मी विसरू शकत नाही. म्हणून पहिली लस आणि जंताची औषधं आईजवळ असतानाच झालेली बरी. अनेक देशांनी आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला कायद्यानं मनाई केली आहे, ती उगाच नाही.

आता काकांना काय सांगायचं? त्यांची अडचणही खरी आहे. सात पिल्लं म्हणजे दिवसभर पुसणं, धुणं, भरवणं. त्यांना म्हणा, आमच्या पिल्लाच्या खाण्याचा, लसीचा, औषधाचा खर्च आम्ही करतो, आठवड्यातून दोन-तीनदा येऊन सफाईला हातही लावतो. आणि एक गोष्ट आजच करायला सांगा. कुत्रीला पिल्लांपासून दूर जाता येईल अशी जागा द्या. आई सहज ओलांडून जाईल आणि पिल्लांना चढता येणार नाही, एवढ्या उंचीची आडवी फळी पुरते. तिला हवं तेव्हा जाता-येता आलं की गुरगुरणं निम्मं होईल. बऱ्याचदा ती वैतागते, कारण चोवीस तास तिला त्या सात तोंडांसमोर कोंडून ठेवलेलं असतं.

वाढदिवसाला मुलीला तिथेच घेऊन जा. जमिनीवर बसवा, पिल्लं आपणहून तिच्या मांडीवर येऊ देत. शेवटच्या आठवड्यात एक जुनी चादर पिल्लांच्या अंथरुणात ठेवायला द्या आणि पिल्लाबरोबर न धुता घरी आणा. आईचा वास असलेली ती चादर पहिल्या चार रात्री फार उपयोगी पडते.

आठ आठवड्यांआधी हलवायची वेळ फक्त तेव्हाच, जेव्हा आई खूप आजारी असेल, किंवा ती पिल्लांना खरोखर जखमा करत असेल. तसं काही तुमच्या पत्रात नाही.

प्रश्न : मी 32 दिवसांचं पिल्लू आणून आठ दिवस झाले. तुमचं म्हणणं आधी माहीत असतं तर आणलं नसतं. आई दुसऱ्या गावी आहे आणि बाकीची पिल्लंही गेली. हे रात्रभर रडतं, आणि दिवसा हातापायांना इतकं चावतं की रक्त निघतं. घरातले म्हणतात नाकावर टिचकी मारा. काय करू?

उत्तर : टिचकी मारू नका. पिल्लाला एवढंच कळतं की तोंडाजवळ येणारा हात दुखवतो. पुढे औषध द्यायला, दात बघायला तोच हात जवळ गेला की ते आधीच चावेल.

तुम्ही मनाला लावून घेतलंय, हे पत्रातून जाणवतं. बारक्याच्या वेळी मलाही कोणी सांगितलं नव्हतं. पण तुमचं पिल्लू आज 40 दिवसांचं आहे, आणि शिकण्याचा काळ अजून बराच हातात आहे.

रात्रीचं आधी सांगते. त्याला वेगळ्या खोलीत ठेवू नका. तुमच्या पलंगाला लागून एक खोका ठेवा, तुमचा हात खाली सोडला की पोचेल असा. कोमट पाण्याची बाटली जाड फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवा, दुसरी बाजू मोकळी ठेवा, म्हणजे उकडलं तर त्याला सरकता येईल. कुईकुई केलं की हात ठेवा. "लाडावेल" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. आजवर ते भावंडांच्या ढिगात झोपत होतं, एकटं झोपणं त्याला ठाऊकच नाही. जवळ कोणी आहे याची खात्री पटली की दोन-तीन आठवड्यांत खोका हळूहळू लांब सरकवता येतो. रात्री मधे एकदा उठून शूला न्यावं लागेल, तेही धरून चाला.

चावण्याचं. भावंड काय करतं ते आठवा. जोरात चावलं की "आई गं!" इतपत आवाज काढा, हात ढिला सोडा आणि उठून अर्धं मिनिट पाठ फिरवा. हात झटक्यानं ओढू नका, ओढला की ते त्यालाच खेळ समजतं. अर्ध्या मिनिटानं परत खेळा. काही पिल्लं आवाजानं उलट जास्तच चेकाळतात. तुमचं तसं असेल तर आवाज न करता नुसतं उठा. सुरुवातीला फक्त जोराच्या चाव्यावर खेळ थांबवायचा, मग मध्यम चाव्यावर, मग दात लागला तरी. पहिल्याच दिवशी "अजिबात चावायचं नाही" असा नियम लावला तर दाब कमी करणं ते शिकणारच नाही. आणि घरातल्या सगळ्यांनी हे सारखंच करायला हवं. एकानं पाठ फिरवायची आणि दुसऱ्यानं हातानं मस्ती करायची, असं चाललं की महिना वाया जातो.

या वयाची पिल्लं दिवसातले अठरा-वीस तास झोपतात. संध्याकाळी वेड लागल्यासारखं चावत सुटलं तर बहुतेक वेळा ते दमलेलं असतं, जसं झोप आलेलं मूल किरकिरतं तसं. खोक्यात ठेवा, अंधार करा, झोपेल.

आता खरा उपाय, जो तुमच्या हातून होणार नाही. त्याला एक मावशी शोधा. ओळखीत कोणाकडे शांत, सगळ्या लसी झालेली, पिल्लांची सवय असलेली मोठी कुत्री आहे का बघा. पहिली लस झाली आणि आठवडा गेला की त्या घरी, त्या घरातल्या स्वच्छ जमिनीवर, आठवड्यातून तीन-चारदा अर्धा तास सोडा. ती गुरगुरेल, याला लोळवेल. तुम्ही मधे पडू नका; ती सरळ दुखापतच करायला लागली किंवा पिल्लू लपूनच बसलं तरच उचला. माझ्याकडे पुढे तांबूनं असं काम केलं. स्वतःची पिल्लं गेल्यावर पाच-सहा परकी पिल्लं तिनं माणसात आणली. "माणसात आणली" म्हणतेय खरं, पण खरं तर कुत्र्यांत आणली.

सगळ्या लसी पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर, जिथे इतर कुत्री येतात-जातात तिथे, जमिनीवर सोडू नका. पण घरात कोंडूही नका. कडेवर घेऊन रोज बाहेर न्या. गाड्यांचे आवाज, छत्री, काठी टेकत चालणारे आजोबा, शाळेतून सुटलेली मुलं हे सगळं त्यानं तुमच्या कुशीतून बघायला हवं. लसींचे डोस दोन ते चार आठवड्यांच्या अंतरानं सोळा आठवड्यांपर्यंत चालतात. तोपर्यंत वाट बघत बसलात तर जग बघायचं वय निघून जाईल.

प्रश्न : आम्ही पोमेरेनियन पिल्लू घ्यायचं ठरवलंय. मालकीणबाई म्हणतात, बारा आठवड्यांआधी देणार नाही. इतकं उशिरा आणलं तर ते आमचं होईल का? की दुसरीकडे बघू?

उत्तर : दुसरीकडे बघू नका. अशी मालकीण मिळणं ही चांगली खूण आहे. अगदी लहान चणीच्या जातींची पिल्लं दहा-बारा आठवड्यांपर्यंत ठेवणं मला पटतं. त्यांच्या अंगात साठा फार कमी असतो. नव्या घरी घाबरून दोन वेळा खाल्लं नाही, तरी रक्तातली साखर उतरून ती लुळी पडू शकतात. अशी तळहाताएवढी पिल्लं मी मध्यरात्री सलाईनवर ठेवली आहेत.

फक्त हे बारा आठवडे जातात कसे, ते विचारा. 1961 मध्ये फ्रीडमन, किंग आणि इलियट यांनी कुंपण घातलेल्या मोकळ्या जागेत पिल्लं वाढवली. काहींना ठरावीक वयात आठवडाभर माणसांत आणलं, काहींना चौदा आठवड्यांपर्यंत माणसाचा स्पर्शच होऊ दिला नाही. पाच ते नऊ आठवड्यांच्या दरम्यान माणसांत आलेली पिल्लं पुढे नीट माणसाळली. चौदा आठवडे माणसाविना गेलेली मात्र जवळजवळ रानटीच राहिली. त्यामुळे उशीर होण्याची भीती नको, माणसांविना राहण्याची भीती बाळगा.

पिल्लं घरात माणसांच्या वावरात वाढतात की मागच्या पिंजऱ्यात? रोज कोणी हाताळतं का? मिक्सरचा, दाराच्या घंटीचा आवाज त्यांच्या कानावर पडतो का? तुम्ही गेल्यावर आई दाखवतात का? आई दाखवायला टाळाटाळ झाली तर मात्र मी परत फिरेन. नवव्या आठवड्यापासून तुम्ही स्वतः दर रविवारी जाऊन तासभर बसत जा. बाराव्या आठवड्यात घरी येईल तेव्हा ते तुम्हाला ओळखत असेल.

प्रश्न : एका कुत्रीला गाडीनं उडवलं, ती गेली. चार पिल्लं आमच्याकडे आणली आहेत, डोळे कालच उघडले. मी दर दोन-तीन तासांनी गायीचं दूध देतेय, पण जुलाब होतायत. चार मैत्रिणी एकेक पिल्लू न्यायला तयार आहेत. लगेच देऊन टाकू का?

उत्तर : तुम्ही उचलून आणलंत, म्हणून ती जिवंत आहेत. आता आधी दूध बदला. कुत्रीच्या दुधात प्रथिनं आणि स्निग्धांश गायीच्या दुधाच्या सुमारे दुप्पट असतात, आणि गायीच्या दुधातली साखर जास्त असल्यानं जुलाब होतात. पिल्लांसाठी मिळणारी दुधाची पावडर आणा. या वयाला दर चार तासांनी दिलं तरी चालेल, रात्रीसुद्धा. दूध कोमट हवं. पिल्लाला पोटावर ठेवून पाजा, बाळासारखं उताणं धरू नका, दूध फुप्फुसात जातं. पिल्लू गार लागत असेल तर आधी ऊब द्या, मगच दूध; गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. अजून साधारण दोन आठवडे त्यांना स्वतःच्या अंगाची ऊब नीट राखता येणार नाही, तेव्हा अंथरूण उबदार ठेवा आणि वाऱ्यापासून जपा.

प्रत्येक वेळी पाजून झालं की कोमट पाण्यात भिजवलेला कापूस त्यांच्या शी-शूच्या जागी हलकेच फिरवा. हे आईच्या जिभेचं काम आहे. आणखी आठवडाभर तरी ते करावं लागेल. पहिल्या दिवशी काही होत नाही असं वाटून सोडू नका, मिनिटभर फिरवत राहा.

जुलाब उद्यापर्यंत थांबले नाहीत किंवा एखादं पिल्लू ओढेनासं झालं, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. जंताचं औषधही आता सुरू व्हायला हवं, कारण गोल जंत आईच्या पोटातूनच पिल्लात येतात.

आणि चारही पिल्लं एकत्र ठेवा. आई गेलीय, आता एकमेकांची शाळा तेवढी उरलीय. चार घरी चार गेली तर प्रत्येक पिल्लू बारक्यासारखं वाढेल, तेही चौदाव्या दिवसापासून. मैत्रिणींना सांगा, पिल्लू नक्की तुमचंच, पण आठ आठवड्यांचं झाल्यावर. तोवर पिल्लांना नेण्याऐवजी त्यांनीच तुमच्याकडे यावं आणि रात्रीच्या पाळ्या वाटून घ्याव्यात. तुम्हाला एकटीला हे झेपणार नाही. अगदीच जमत नसेल तर दोन-दोनच्या जोड्या करून दोन घरी ठेवा, एकट्याला मात्र पाठवू नका.

स्वयंपाकघरातला वजनकाटा काढा आणि रोज सकाळी, पाजायच्या आधी, चारही पिल्लांची वजनं लिहून ठेवा. ओळखायला गळ्याभोवती वेगवेगळ्या रंगाचे लोकरीचे सैल धागे बांधा आणि दर दोन दिवसांनी ते सैल आहेत ना ते तपासा, ती भराभर वाढतात. एका दिवसात वजन वाढलं नाही तर लक्ष ठेवा. सलग दोन दिवस वाढलं नाही किंवा घटलं, तर बाकी सगळं ठीक दिसत असलं तरी मला कळवा.